आक्कांचा अंगठा

होळीच्या पुरणाची डाळ निवडून ठेवली आहे, गूळ चिरायचा राहिलाय, आणि मधल्या वेळात तुमच्याशी चार गोष्टी बोलायला बसले आहे. गेल्या खेपेला लिंबाच्या लोणच्याला बुरशी का धरते ते लिहिलं होतं. ‘आमचं कुठं चुकत होतं ते कळलं,’ असं पुष्कळ जणींनी कळवलं. आज मात्र माझंच कुठं चुकलं ते सांगणार आहे. लोणचं बिघडलं तर बरणी धुऊन पुन्हा घालता येतं. माझी ही चूक एका म्हाताऱ्या बाईच्या तीन महिन्यांच्या चहा-औषधावर बसली.

त्या आमच्या शेजारच्या आक्का. मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या शेवटाला एका खोलीत राहतात. वय सत्तरीच्या पुढं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, एकुलती लेक गडहिंग्लजला दिलेली, तिचंही तसं बेताचंच. आक्कांनी उभा जन्म चार घरची भांडी घासली. आमच्या सासूबाईंच्या हाताखाली तर त्या इतकी वर्षं होत्या, की आमच्या लग्नात माझं माप ओलांडताना तांदूळ सावरायलाही त्याच पुढं. आता काम होत नाही. रेशनचं धान्य मिळतं आणि श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार रुपये बँकेत जमा होतात. आक्का त्याला ‘पगार’ म्हणतात. एवढ्यावर खोलीचं भाडं, लाईट, चहा-साखर आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या.

आमच्याकडे संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला आक्कांना बोलावतो. पूर्वी नव्हतो बोलावत, खोटं कशाला सांगू? आपल्याच जिल्ह्यातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा त्याची चर्चा आमच्या गल्लीतही झाली. त्या वर्षापासून मी आक्कांना पहिलं बोलावणं करते. यंदा त्या आल्या, तिळगूळ घेतला, आणि कोपऱ्यात गप्प बसून राहिल्या. सगळ्या गेल्यावर म्हणाल्या, “पोरी, गोळ्यांना शंभर रुपये असले तर दे. पगार आला की देतो.”

(आमच्या कोल्हापूरकडच्या बायका ‘देतो’, ‘जातो’ असंच बोलतात, हे बाहेरच्या मैत्रिणींसाठी सांगते!)

“म्हणजे? या महिन्याचा आला नाही?”

“दिवाळीपासनं न्हाई. तीन डाव जाऊन आलो. अंगठा लावला. मिशन म्हणतंय, ही मी न्हवंच.”

मी हसले, आणि दुसऱ्या क्षणी लाज वाटली. त्या तीन महिने मला काही बोलल्या नव्हत्या. का, तर “तुझी शाळा असती, पोरांच्या परीक्षा असत्यात.” आणि मीही रोज दारावरून जाताना “काय आक्का, बरं हाय न्हवं?” एवढं विचारून पुढं जात होते. उत्तर ऐकायला थांबत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून दोन तास मागून घेतले आणि आक्कांना घेऊन गेले. कुठल्या कचेरीत ते सांगत नाही. कुणाला नावं ठेवायची नाहीत, आणि सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच चाललंय. टेबलापाशी बसलेला मुलगा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा फार मोठा नसेल, स्वभावानंही वाईट नव्हता. त्यानं आक्कांचा अंगठा यंत्रावर ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. तो म्हणाला, “आक्का, नीट दाबा की!” आक्कांनी इतका दाबला की नखाजवळ पांढरं पडलं. पुन्हा लाल दिवा.

मैत्रिणींनो, आक्कांची बोटं एकदा हातात घेऊन बघा. राखेनं, काथ्यानं, मग पावडरनं घासून घासून ती इतकी गुळगुळीत झालीत, की रेषा शोधाव्या लागतात. वय झालं की कातडी सैल पडते आणि रेषा तशाही पुसट होतात. त्यात कष्टाची कामं. ऊसतोडीच्या, विटभट्टीवरच्या, चुन्या-सिमेंटात हात घालणाऱ्या बायांचं हेच होतं. आयुष्यभर जिनं हातांनी काम केलं, तिचेच हात यंत्राला ओळखू येत नाहीत.

तो मुलगा म्हणाला, “जाऊ दे मॅडम, ओटीपीनं करू. आधारला जो मोबाईल जोडलाय त्यावर नंबर येईल.” आणि त्यानं पडद्यावरचे शेवटचे आकडे वाचून दाखवले.

माझ्या पोटात धस्स झालं. ते आकडे माझे होते. म्हणजे माझ्या जुन्या नंबराचे.

झालं होतं असं. सहा-सात वर्षांपूर्वी आक्कांच्या आधारमध्ये काही दुरुस्ती करायला मीच त्यांना घेऊन गेले होते. तिथं मोबाईल नंबर विचारला. आक्कांकडे फोन कुठला? मी म्हटलं, “घाला माझा.” केवढं सोपं! आपण कुणाचं तरी काम केलं या आनंदात घरी आले. पुढं २०२३ मध्ये एका कंपनीचा स्वस्त प्लॅन मिळाला म्हणून नवा नंबर घेतला. जुनाच नंबर नव्या कंपनीत नेता आला असता, पण तेवढा कंटाळा केला. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, माहेरी, सासरी, शाळेत, भिशीत, सगळ्यांना नवा नंबर कळवला. आक्कांची आठवण झाली नाही. त्यांना काय कळवायचं? त्यांच्याकडे फोनच नव्हता!

या मधल्या काळात योजनेची पद्धत बदलली. डिसेंबर २०२४ पासून निराधार आणि श्रावणबाळ योजनांचे पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येऊ लागले. पद्धत म्हणून ती चांगलीच, मधले हात कमी झाले. पण त्यासाठी आधार चालू हवं, खातं जोडलेलं हवं, पडताळणी पुरी हवी. आक्कांची पडताळणी राहिली होती. काही निरोप आले असतील तर ते माझ्या बंद पडलेल्या नंबरावर. बंद पडलेला नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतात. म्हणजे आक्कांचे निरोप आता भलत्याच माणसाच्या खिशात वाजत असतील तर नवल नाही.

बाहेर येऊन पायरीवर बसून मी आक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “आसू दे. तू नंबर दिलास म्हणून इतकी वर्षं चाललं की.” त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. आमच्या घरी मामंजी आहेत, वय अठ्ठ्याहत्तर. नोकरीतून निवृत्त, पेन्शन येते. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत रांग असायची. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारनं ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल दाखल्याची सोय सुरू केली आणि नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो. आमच्याकडे हे जेवायच्या टेबलावर मामंजींपुढं फोन धरतात, “अण्णा, जरा डोळ्यांची उघडझाप करा,” म्हणतात, आणि पाच मिनिटांत मामंजी सरकारदरबारी जिवंत ठरतात. मामंजींनाही स्मार्टफोनातलं काही कळत नाही. आक्कांपेक्षा तसूभरही जास्त नाही. फरक एवढाच, की त्यांच्या घरात मुलगा आहे, सून आहे, चांगला फोन आहे, आणि फोनला रेंज आहे.

म्हणून, ‘म्हाताऱ्यांना जमत नाही’ हे म्हणणं मला आता पटत नाही. ज्याच्या घरात कुणी करणारं आहे त्याचं जमतं, ज्याचं कुणी नाही त्याचं अडतं. आणि ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठीच तर ‘निराधार’ नावाच्या योजना निघाल्या!

हे फक्त अडाणी म्हाताऱ्यांचंच होतं असं समजू नका. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आठवते ना? सप्टेंबर २०२५ मध्ये निघाली, आणि आपल्यातल्या शिकल्यासवरल्या बायकासुद्धा रात्री बारा-बारा वाजता उठून ओटीपीची वाट बघत बसल्या. स्वतःचं आधार द्या, मग नवऱ्याचं किंवा वडिलांचं द्या. जिचे दोघंही नाहीत तिनं कुणाचं द्यायचं, हे आधी कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. पुढं १८ नोव्हेंबरची मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय केली. त्यातच एक प्रश्न होता, घरातलं कुणी सरकारी नोकरीत ‘नाही’ अशा अर्थाचं वाक्य, आणि त्यापुढं ‘होय’ की ‘नाही’ निवडायचं. मी मुलांना व्याकरण शिकवते. ‘तू गृहपाठ केला नाहीस ना?’ असं विचारलं तर वर्गातली निम्मी मुलं ‘हो’ म्हणतात, निम्मी ‘नाही’, आणि दोघांनाही तेच म्हणायचं असतं. तसंच झालं. कितीतरी बायकांकडून चुकीचा पर्याय निवडला गेला. शेवटी जानेवारी २०२६ मध्ये अंगणवाडी सेविकांकडून घरोघर प्रत्यक्ष पडताळणी करायचं ठरलं. यंत्रानं घातलेला गुंता सोडवायला दारात माणूसच पाठवावं लागलं, आणि तेही बाईमाणूस!

आक्कांच्या प्रकरणात आमच्या ओळखीच्या एका वकीलबाईंनी मला चार गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हालाही ठाऊक असाव्यात म्हणून लिहिते.

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडमधल्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी गेली. रेशनकार्ड आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून घरचं धान्य काही महिने बंद होतं, पोर उपाशी गेली, असं तिची आई सांगत होती. सरकारी बाजूनं आजार हे कारण सांगितलं. पण देशभर गहजब झाला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना स्पष्ट कळवलं, की आधार नाही किंवा अंगठा जुळत नाही एवढ्यावरून कुणाला धान्य नाकारायचं नाही. दुसरं ओळखपत्र बघून, वेगळ्या नोंदवहीत लिहून धान्य द्यायचं. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार खटल्याच्या निकालातही सर्वोच्च न्यायालयानं हे नोंदवलं आहे, की यंत्रावर ओळख पटली नाही म्हणून खरा हक्कदार वंचित राहता कामा नये, त्याची ओळख दुसऱ्या मार्गानं पटवावी. आणि अलीकडचा, ३० एप्रिल २०२५ चा निकाल. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या आणि दृष्टिहीन व्यक्तींनी न्यायालयात दाद मागितली होती. केवायसी करताना डोळ्यांची उघडझाप करा म्हणतात, ती आम्ही कशी करायची? त्यावर न्यायालयानं म्हटलं, की डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि अशांसाठी दुसरे मार्ग ठेवलेच पाहिजेत.

म्हणजे ‘मशीन घेत नाही, पुढच्या महिन्यात या,’ हे उत्तरच नव्हे. पण हे सांगायला टेबलापाशी कुणीतरी उभं राहावं लागतं. आक्का एकट्या उभ्या राहिल्या की त्यांना वाटतं, आपलाच अंगठा वाईट.

ही नुसती आपल्याकडचीच रड नाही. स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात कार्लोस सान हुआन नावाचे निवृत्त डॉक्टर आहेत. बँकांनी शाखा आणि खिडक्या कमी केल्या, सगळं ॲपवर आणि यंत्रावर नेलं. ह्यांचे हात आजारानं थरथरणारे. २०२२ च्या सुरुवातीला त्यांनी ‘मी म्हातारा आहे, मूर्ख नाही’ अशी हाक दिली, आणि सहा लाखांवर लोकांनी सह्या केल्या. बँकांना खिडकीच्या वेळा वाढवायचं आणि म्हाताऱ्या माणसांना प्राधान्य द्यायचं कबूल करावं लागलं. तिथं अठ्ठ्याहत्तर वर्षांचे शिकलेले डॉक्टर बोलले म्हणून जगाला कळलं. आपल्या आक्का बोलत नाहीत एवढंच.

आणि आपण तर शाहू महाराजांच्या गावच्या! महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. एक रुपया म्हणजे त्या काळी थोडा नव्हे. पण नुसता दंड लावून महाराज स्वस्थ बसले नाहीत. गावागावांत शाळा काढायची, मास्तर नेमायची आणि खर्चाची तजवीज त्याच्या जोडीनं केली. आज सक्ती आहे, दंडही आहे. अंगठा लागला नाही की पगार बंद, हा दंडच की! पण शाळा कुठं आहे?

शाळा काढलीच नाही असं नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये डिजिटल साक्षरतेची एक मोठी मोहीम सुरू केली होती, ती मार्च २०२४ पर्यंत चालली. पण तिचा नियम काय? ग्रामीण भागातलं घर, त्यातली एकच व्यक्ती, आणि वय चौदा ते साठ. आमच्या आक्का शहरात राहतात आणि साठीच्या पुढं आहेत. म्हणजे दोन्ही दारं बंद. जिला सर्वांत गरज, तिलाच त्या शाळेत प्रवेश नव्हता.

मग म्हटलं, आपण अर्धवेळ का होईना, शिक्षिका आहोत ना? आपली खोली हीच शाळा.

आधी नंबराचं बघितलं. माझा नवा नंबर पुन्हा घालायचा मोह झाला होता, लगेच काम झालं असतं. पण तीच चूक दुसऱ्यांदा कशाला? मामंजींचा जुना बटणांचा फोन कपाटात पडून होता. त्यात आक्कांच्या नावाचं नवं सिमकार्ड घातलं. आधार केंद्रावर जाऊन तो नंबर नोंदवला. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही, फी तेवढी पडली. बोटांचे ठसे पुन्हा घेतले, ते काही नीट उमटले नाहीत, पण डोळ्यांच्या बुबुळांचे ठसे चांगले आले. तिथल्या बाईंनी एक गोष्ट सांगितली, जी इतक्या वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. अंगठाच लावला पाहिजे असं नाही! दहा बोटांपैकी कुठलंही चालतं. आक्कांच्या डाव्या हाताचं मधलं बोट अधूनमधून जुळतं. भांडी घासताना काथ्या उजव्या हातात असायचा ना!

मग अभ्यास सुरू झाला. आक्कांना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. कॅलेंडरावर एकादशी-चतुर्थी त्या बरोबर शोधतात. मला वाटलं, चला, सहा आकडे वाचायचे, त्यात काय? पहिल्याच दिवशी ओटीपी चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मी चिडले, “आक्का, नीट बघा की!” आणि बोलल्यावर लक्षात आलं, की त्या कचेरीतला मुलगा ज्या सुरात बोलला होता, तोच सूर माझ्या तोंडून निघाला. मग फोन हातात घेऊन त्यांच्या डोळ्यांनी बघितलं. कॅलेंडरावर आकडे मराठी, फोनवर इंग्रजी. इंग्रजी नऊ दिसायला अगदी आपल्या एकासारखा! इंग्रजी आठ आपल्या चारासारखा. आक्का अचूक वाचत होत्या, फक्त मराठीत वाचत होत्या. पंधरा वर्षं शिकवते आहे, पण एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

मग एका पुठ्ठ्यावर वर मराठी, खाली इंग्रजी असे दहा आकडे ठळक लिहून त्यांच्या भिंतीवर लावले. रोज दुपारी शाळेतून आल्यावर दहा मिनिटं. पाचव्या-सहाव्या दिवशी जमायला लागलं. मग पुन्हा त्या कचेरीत गेलो. आक्कांनी स्वतःचा फोन कनवटीतून काढला, डोळ्यांजवळ धरला आणि एकेक आकडा मोठ्यानं सांगितला. हिरवा दिवा लागला. त्या मुलानं “शाब्बास आक्का!” म्हटलं, तेव्हा आक्का लाजल्या.

आता तुमच्यासाठी, लोणच्याच्या कृतीसारखी, क्रमानं सांगते. आपल्या गल्लीत, कामाला येणाऱ्या मावशींच्या घरी, माहेरी-सासरी कुणी असं असेल तर एवढं करा.

एक. त्यांच्या आधारला, बँकेला, रेशनकार्डाला कुणाचा मोबाईल नंबर आहे ते आजच विचारा. तुमचा असेल आणि तुम्ही नंबर बदलला असेल, तर माझ्यासारखं होण्याआधी दुरुस्त करा. स्वतःचा बटणांचा फोन असला तरी ओटीपीला पुरतो. त्याला वेळच्या वेळी रिचार्ज मात्र घालायला हवा, नाहीतर नंबर बंद पडतो. आक्कांचा रिचार्ज मी भरते. माझ्या कंटाळ्याचा दंड समजा.

दोन. ठसे द्यायला जायच्या आधी आठवडाभर रात्री हातांना खोबरेल चोळा. जायच्या दिवशी हात साबणानं स्वच्छ धुऊन कोरडे करून जा. अंगठा लागला नाही तर दुसरी बोटं लावून बघायला सांगा, मग डोळे, मग चेहरा, मग ओटीपी. जिथं जी सोय असेल ती मागून घ्या.

तीन. काहीच जुळलं नाही तर तोंडी ‘नाही’ घेऊन परतू नका. दोन ओळींचा अर्ज लिहून द्या, ‘अमुक तारखेला आले, ठसा जुळला नाही, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवावी,’ आणि पोच घ्या. ठरवून दिलेल्या सेवांसाठी २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात मुदत असते, नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं आणि वर अपील करता येतं.

चार. आधारच्या तक्रारीसाठी १९४७ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे फोन क्रमांक आहेत, भिंतीवर लिहून ठेवा. बाईला, मग ती गरीब असो की नसो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेही पुष्कळ जणींना ठाऊक नसतं.

पाच, आणि हे फार महत्त्वाचं. मदत करा, पण त्यांचा पिन, पासबुक, कार्ड आपल्या ताब्यात ठेवू नका. मन कितीही साफ असलं तरी नको. पैसे काढायला यंत्रावर अंगठा लावला आणि ‘लागला नाही, पुन्हा लावा’ म्हटलं, तर दर वेळी पावती मागा आणि पासबुक भरून घ्या. एकदा काढलेले पैसे दोनदा निघाल्याचे प्रकार होतात. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवा.

आणि सहावी गोष्ट यादीतली नव्हे, मनातली. आपण दर संक्रांतीला प्लॅस्टिकचे डबे, गाळण्या, पेले लुटतो. कपाटं भरलीत त्यांनी. त्यापेक्षा आठवड्यातला एक तास वाण म्हणून दिला तर? त्याला संक्रांतच हवी असंही नाही. आमच्या भिशीतल्या बायकांनी दर गुरुवारी दुपारी तीन ते चार आमच्या पुढच्या खोलीत बसायचं ठरवलं आहे. कुणाचं पासबुक वाचून दाखवायचं, कुणाचा अर्ज लिहायचा, कुणाला आकडे शिकवायचे. पहिल्या गुरुवारी दोघी आल्या, गेल्या गुरुवारी सात. त्यातल्या एकीला फक्त एवढंच विचारायचं होतं, की आपलं नाव यादीत आहे की नाही. आठ महिने तिला ते कुणी बघून सांगितलं नव्हतं.

आमचं हे काम सरकारचं काम आहे, हेही मी जाणून आहे. प्रत्येक कचेरीत एक खिडकी अशी हवी, जिथं यंत्र नसलं तरी चालेल, पण माणसाच्या तोंडाकडे बघून बोलणारं माणूस असेल. ते आपण मागत राहिलं पाहिजे, अर्ज करून, नगरसेवकाला विचारून, मत मागायला आलेल्यांना विचारून. तोवर आक्कांच्या गोळ्या थांबायला नकोत म्हणून हा गुरुवार.

तर, आक्कांचे एका महिन्याचे दीड हजार गेल्या आठवड्यात जमा झाले. मागचे तीन महिन्यांचे यायचे आहेत. त्याचा अर्ज दिला आहे, पोच माझ्या नव्हे, त्यांच्याच पिशवीत आहे. काल संध्याकाळी त्या दारात आल्या, संक्रांतीचे शंभर रुपये परत करायला. मी नको म्हटलं, तर ऐकेनात. मग फोन पुढं करून म्हणाल्या, “ह्ये बघ गं, काय आलंय. ह्यो नऊ न्हवं?”

नऊच होता. कंपनीची जाहिरात होती, पण आकडा नऊच होता!

चला, गूळ चिरायला उठते. पुढच्या खेपेला उन्हाळी वाळवणांबद्दल, आणि ज्यांची साबुदाण्याची पापडी तळताना विरघळते त्यांच्यासाठी खास. तोवर तुमच्या गल्लीतल्या आक्कांच्या दारात एकदा थांबा, आणि “बरं हाय न्हवं?” विचारल्यावर उत्तर ऐकूनच पुढं जा.